मुक्यांच्या नावाची वर्गणी



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागे बसून ऐकावे असा प्रघात आहे. तो वाईट आहे असे मला कधी वाटले नाही. मी जे काही शिकलो त्यातले पुष्कळसे असे मागच्या रांगेत बसूनच शिकलो. शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन बाजार समितीच्या आवारात, पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून झाले. गेली तीस वर्षे हमाल-मापाड्यांच्या संघटनेचे काम करतो. तेव्हा इतिहासावर बोलण्याचा अधिकार मला कोणत्या पदवीने दिलेला नाही. तो एका पुतण्याने दिला आहे. ती हकीकत आधी सांगतो.

आम्ही जऊळक्याचे. रेल्वेचे ठेसन असलेले गाव, म्हणून लोक जऊळका रेल्वे असेच म्हणतात. मागच्या दिवाळीत थोरल्या भावाचा मुलगा घरी आला आणि म्हणाला, “काका, एक अर्ज कराचा हाय. तुमी सांगान तसा लिहितो.” मी विचारले, कसली नोकरी? तर म्हणाला, “जनावरांसाठी पैसे मांगाची.” मला हसू आले. बी. ए. झालेला मुलगा, आणि नोकरी काय, तर मागण्याची! पण तो गंभीर होता. मुंबईतली एक संस्था आहे. ती गोशाळा चालवीत नाही, दवाखानाही चालवीत नाही. जनावरांची बाजू मांडते. कायदे तपासते, न्यायालयात जाते, सरकारला लिहिते, लोकांना समजावते. एकूण मुक्या जिवांची वकिलीच म्हणा. वकिलाला फी लागते आणि हे अशील तर खिसा नसलेले. म्हणून देणग्या मिळवायला माणूस हवा होता. अर्जासोबत तीन गोष्टी मागितल्या होत्या. स्वतःची माहिती, देणगीदाराला लिहिलेल्या पत्राचा एक नमुना, आणि एका प्रश्नाचे उत्तर. या देशात जनावरांच्या कामाचा खर्च आजवर कोणी सोसला आणि का?

पुतण्या म्हणाला, “तुमी तीस वर्सं चंदा मांगून राह्यले. मले मांगणं शिकवा.” मी त्याला सांगितले, मागणे एका संध्याकाळी शिकता येते. आधी त्या तिसऱ्या प्रश्नाला लाग. मग तीन-चार महिने आम्ही दोघांनी मिळेल ते वाचले. काही पुस्तके अकोल्याहून आणली, काही त्याने मोबाईलवर शोधून काढली. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात मुंबईपासून केली पाहिजे. १८३२ साली कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालवली होती आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने शिपाई मोकाट कोणते आणि पाळलेले कोणते हे पाहीनासे झाले. त्या जूनमध्ये पारशी मंडळी रस्त्यावर आली, इतरही त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली आणि कोटातल्या गोऱ्या लोकांचा शिधापाणीसुद्धा अडला. मुंबईच्या इतिहासातला पहिल्या काही हरताळांपैकी हा एक, आणि तो कुत्र्यांपायी झाला. आम्ही कामगार चळवळीतले लोक हरताळाचा इतिहास मोठ्या अभिमानाने सांगतो, पण हे पान वगळतो.

या दंग्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्यासारख्या शेटजींनी पुढाकार घेऊन भुलेश्वराकडे मुंबईचा पांजरपोळ काढला. जमशेटजी पारशी, मोतीचंद जैन. जीवदया हा जैन व्यापाऱ्याच्या वहीतला कायमचा रकाना असतो, हे शिरपूरच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला सांगायला नको. आता एवढ्या भाकड, लंगड्या, म्हाताऱ्या जनावरांना रोजचा चारा कोठून आणायचा? एकदा दिलेली देणगी किती दिवस पुरणार? शेटजींनी जी युक्ती काढली ती माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशारीची. त्यांनी व्यापारावर लागा बसवला. कापूस, अफू, साखर अशा मालाच्या व्यवहारामागे ठरावीक रक्कम पांजरपोळाच्या नावे बाजूला पडायची. कोणाच्या दारात जायला नको, कोणाचे तोंड पाहायला नको. बाजार चालला की गाईला चारा मिळाला.

हमालाच्या नजरेने पाहिले की यात आणखी एक गोष्ट दिसते. लागा व्यापाऱ्याने दिला असे वहीत लिहिले जाते, पण व्यापारी तो कोठून देतो? मालाच्या भावातून. १८६० नंतरच्या दशकात रेल्वे वऱ्हाडात आली आणि आपला कापूस गाड्या भरभरून मुंबईला जाऊ लागला. त्या कापसाच्या भावात कोणकोणते लागे, आडत, धर्मादाय कापले जात होते, हे विकणाऱ्या कुणब्याला कोणी समजावून सांगितले असेल असे वाटत नाही. म्हणजे मुंबईच्या म्हाताऱ्या बैलाचा चारा काही अंशी वऱ्हाडातला शेतकरीही पुरवीत होता. नाव मात्र भिंतीवर शेटजींचे लागले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आम्हीही पुढे तेच केले. १९६९ चा माथाडी कायदा झाला तेव्हा हमालाच्या मजुरीवर मालकाकडून लेव्ही घेण्याची तरतूद झाली. त्या लेव्हीतून हमालाची रजा, भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी हे सारे चालते. लेव्हीची मुळे पांजरपोळाच्या लाग्यात आहेत असे कोणी सिद्ध केलेले नाही, पण दोन्हींचे डोके एकच आहे. मन द्रवण्याची वाट पाहू नका, व्यवहाराला बांधून टाका.

मन द्रवण्याची वाट पाहणाऱ्याचे काय होते, हे लंडनमध्ये थोडे आधी दिसून आले होते. जनावरांवरील क्रूरतेविरुद्धचा पहिला इंग्रजी कायदा १८२२ मध्ये रिचर्ड मार्टिन या खासदाराने आणला. कायदा झाला, पण तो अंमलात आणायला माणसे कोण ठेवणार? १८२४ च्या जूनमध्ये एका कॉफीगृहात मंडळी जमली आणि संस्था स्थापन झाली. आर्थर ब्रूम नावाचा पाद्री तिचा पहिला कार्यवाह. त्याने आपली चर्चची नोकरी सोडली आणि बाजारांत नजर ठेवायला पदरच्या पैशाने माणसे नेमली. सभेला टाळ्या पडत, पैसे येत नसत. संस्थेवर कर्ज झाले आणि १८२६ मध्ये त्या कर्जापायी ब्रूम तुरुंगात गेला. मार्टिन आणि लुईस गोम्पर्ट्झ या मित्रांनी पैसे जमवून त्याला सोडवले. पुढे गोम्पर्ट्झ कार्यवाह झाला. त्याने संस्था सावरली. पण तो ज्यू होता. काही वर्षांत संस्थेने आपण ख्रिस्ती तत्त्वांवर उभ्या आहोत असा ठराव केला आणि ज्याने ती सावरली त्यालाच बाहेर पडावे लागले. १८४० मध्ये राणीने संस्थेला ‘रॉयल’ ही पदवी दिली तेव्हा ब्रूम मरून तीन वर्षे झाली होती.

ही हकीकत वाचल्यावर पुतण्या दोन दिवस काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, मांगणारा जेलात जाते हे जाहिरातीत लिहिलं न्हाई.” मी म्हटले, जेलात जाणारा मागत नव्हता, तो मागायला लाजत होता. हे उत्तर मला तेव्हा फार चांगले वाटले होते. आता तितकेसे वाटत नाही. ब्रूम लाजत होता असा पुरावा नाही. त्याने हिशेब पाहिला नव्हता, एवढेच म्हणता येईल.

आता ज्या भागाबद्दल मला स्वतःची एक चूक कबूल करायची आहे तिकडे येतो. मुंबईत क्रूरता-निवारण संस्था १८७४ मध्ये निघाली. पुढच्या दशकात परळला सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीने जनावरांचा मोठा दवाखाना उभा राहिला. त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव दिले. १८८६ मध्ये त्याच जागी मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. दिनशा पेटिट म्हणजे गिरणी धंद्यातले बडे प्रस्थ. नेमक्या त्याच परळात, १८८४ च्या सप्टेंबरात, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांची सभा भरली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे गेला. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. सूर्यास्ताला काम बंद. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. अपघात झाला तर भरपाई. यातली आठवड्याची सुटी मालक संघाने मान्य केली ती १० जून १८९० रोजी.

मी पंचवीस वर्षे मे दिनाच्या भाषणात हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवत आलो. “बैलाला दवाखाना मिळाला, कामगाराला रविवार मिळायला आणखी सहा वर्षे लागली!” टाळ्या हमखास. पुतण्याला हे सांगितले तेव्हा त्याने टाळी वाजवली नाही. त्याने विचारले, “दवाखाना झाला नसता तं सुट्टी आंधी भेटली असती का?” मला उत्तर देता आले नाही. भेटली नसती. पेटिटांचा पैसा बैलाकडे गेला नसता तर तो कामगाराकडे आला असता असे मानायला काहीच आधार नाही. एका दानाची दुसऱ्या अन्यायाशी बेरीज-वजाबाकी करून मी टाळ्या घेत होतो.

हिशेब करायचाच तर वेगळा करावा लागेल. लोखंड्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला सभासदांची यादी नव्हती, नियम नव्हते आणि निधी नव्हता. हजारो माणसे सभेला येत, पण त्यांच्याकडून नियमाने वर्गणी घेऊन पावती देण्याची पद्धतच बसली नाही. १८९७ च्या फेब्रुवारीत लोखंडे प्लेगात गेले आणि संघटनाही त्यांच्याबरोबर गेली. परळचा दवाखाना आजही आहे. एका श्रीमंताच्या देणगीने उभे राहिलेले टिकले, हजारोंच्या जिव्हाळ्याने उभे राहिलेले टिकले नाही. कामगार कार्यकर्त्याला हे म्हणणे जड जाते, पण आहे ते असे आहे.

यापुढचा मार्ग दंडाचा. १८९० मध्ये सबंध हिंदुस्थानासाठी प्राणी-क्रूरतेचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत १९५३ मध्ये नवे विधेयक आणले. नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि १९६० चा कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ निघाले आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या कायद्याखाली वसूल झालेला दंड मंडळामार्फत जनावरांच्या संस्थांकडे जावा असे नियम १९७८ मध्ये झाले. दंड तरी किती? पहिल्या गुन्ह्याला दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. हा आकडा दशकानुदशके बदलला नाही. पन्नास रुपयांत बैलाच्या खांद्याला लावायचे मलमसुद्धा येत नाही.

पण दंडावर चालणाऱ्या दयेत मोठी खोच आहे. पोलिसाच्या हाती सापडतो तो गाडीवान. बैलाच्या मानेला घट्टा पडला, जखम झाली, की दंड त्याला. बारा पोत्यांच्या जागी सोळा पोती कोणी भरायला लावली, भाडे कोणी पाडले, हे विचारायला कोणी जात नाही. जो बैल राबतो त्याच्या मागोमाग राबणाऱ्या माणसाच्या खिशातून बैलाचा निधी जमवायचा, म्हणजे गरिबाकडून घेऊन त्याच्याहून गरिबाला देणे झाले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळणारा माणूस बैलाचा वैरी ठरतो, आणि त्याला वैरी ठरवणारी संस्था त्याच्या गावात पाऊल टाकू शकत नाही.

तरीही कायद्यात काही मोलाचे आहे. १९६५ चे ओढकामाच्या जनावरांचे नियम मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपू नये. सलग पाच तासांनंतर विसावा द्यावा. आणि जेथे तापमान सदतीस अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन जुंपूच नये. सदतीस अंश! आपल्याकडे मार्च अर्धा झाला की पारा सदतीसच्या वर असतो. माझे हमाल मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत टिनाच्या शेडखाली पोती उचलतात. त्यांच्यासाठी असा आकडा लिहिलेला नियम मला अजून सापडलेला नाही. त्या वर्षी वाटाघाटीला मी बैलांचे नियम खिशात घालून गेलो आणि वाचून दाखवले. आडत्ये हसले. एक जण म्हणाला, “तुमची माणसं म्हणजे बैल का?” मी म्हटले, “नाही ना, म्हणूनच लाज वाटते.” दुपारचा दीड तास आम्हाला त्या उन्हाळ्यापुरता मिळाला. तेव्हा जनावरांची वकिली आणि माणसांची वकिली या दोन वैरी गोष्टी नाहीत. बैलाच्या कायद्याने माझ्या माणसांना सावली मिळाली आहे.

वर्गणीच्या आणखी एका प्रकाराकडे वळले पाहिजे, जरी ते बोलायला अवघड असले तरी. १८८० नंतर गोरक्षणाच्या सभा गावोगाव निघाल्या. आपल्या नागपूरलाही १८८८ मध्ये निघाली. उत्तरेकडच्या सभांनी ‘चुटकी’ची पद्धत काढली. प्रत्येक घराने स्वयंपाकाच्या वेळी माणशी चिमूटभर धान्य बाजूला काढायचे, सभेच्या माणसाने ते गोळा करून विकायचे, पैसे निधीत. ज्याच्याकडे नाणे नाही त्यालाही देता यावे, अशी ही पद्धत. संघटक म्हणून मी तिच्यापुढे मान झुकवतो. महिन्याला प्रत्येक घरापर्यंत पोहोचणे ही चेष्टा नव्हे. पण काही ठिकाणच्या नियमांत पुढे आणखी लिहिले होते, की जो देणार नाही त्याला दंड, आणि तरीही न मानल्यास जातीबाहेर. चिमूटभर धान्याला बहिष्काराची धार लागली की ती वर्गणी राहत नाही, खंडणी होते. आणि मग गाय बाजूला राहून शेजारी कोण आहे याची मोजणी सुरू होते. १८९३ मध्ये उत्तरेत दंगे झाले, ऑगस्टात मुंबई पेटली आणि तेथे सुमारे पाऊणशे माणसे मेली. त्या वेळी लोखंड्यांनी राणीच्या बागेत सर्व जातिधर्मांच्या कामगारांचा एकोप्याचा मेळावा भरवला. ज्याच्याकडे निधी नव्हता, त्याच्याकडे हे होते.

गांधीजींनी हा धोका ओळखला होता असे दिसते. १९२५ मध्ये त्यांनी अखिल भारतीय गोरक्षा मंडळाची घटना केली तेव्हा वर्गणी रुपयांत किंवा हाताने कातलेल्या सुतात देता येईल असे ठेवले. पुढे आपल्या वर्ध्याला जमनालाल बजाजांनी १९४१ मध्ये गोसेवा संघ काढला. त्याने सभासदांकडून नुसते पैसे नव्हे तर व्रत मागितले. दूध-तूप गाईचेच वापरायचे, आणि चामडे वापरायचे तर आपोआप मेलेल्या जनावराचे. कोट्यधीश माणूस गोपुरीला झोपडीत राहायला गेला. १९४२ च्या फेब्रुवारीत गोसेवेची परिषद झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ११ फेब्रुवारीला, जमनालालजी गेले. पैसे देणे सोपे आणि चपला बदलणे कठीण, म्हणून संघ मोठा झाला नाही असे कोणी म्हणेल. असेलही. पण देणाऱ्याकडून त्याच्या वागण्यातला वाटा मागणारी ही वर्गणी मला अजून कोड्यात टाकते. आमच्या संघटनेने असे काही मागितले तर निम्मी यादी कोरी होईल.

आजच्या संस्थेचा पैसा कोठून येतो? विश्वस्त संस्था असेल तर १९५० च्या कायद्याप्रमाणे नोंदणी आणि तपासलेला हिशेब. देणगीदाराला प्राप्तिकरात सूट, मात्र २०१७ पासून दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला लावावे लागतात आणि त्या यादीत प्राणिकल्याण हा शब्द आहे. परदेशचा पैसा येतो, पण २०२० च्या दुरुस्तीपासून त्यातला वीस टक्क्यांहून जास्त भाग कार्यालयीन खर्चाला वापरता येत नाही. पुतण्याने हे सारे पाठ केले. मी म्हटले, हे ठीक, पण आता शंकरपटाचे बोल.

कारण त्याचे वडील, माझे थोरले बंधू, शंकरपटाचे शौकीन. घरात एके काळी पटाची जोडी होती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तेव्हा ती विकावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने राज्याचा कायदा कायम केला. एवढ्या वर्षांत जनावरांच्या संस्था न्यायालयात एका बाजूला आणि माझा भाऊ गावच्या पारावर दुसऱ्या बाजूला. भाऊ मुलाला म्हणाले, “ज्यांनी माही जोडी विकाले लावली, त्याहीच्यासाठी तू भीक मांगशीन?” त्या दिवसापासून बापलेकांचे बोलणे जेवणापुरते उरले आहे.

मी भावाची बाजू पूर्ण घेत नाही. पटाच्या बैलाला पराणी कशी टोचतात हे त्यांनाही ठाऊक आहे. पण त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न आहे. न्यायालयात बैलाच्या बाजूने बोलणाऱ्यांची फी कोणी दिली, आणि ज्यांनी दिली त्यांनी आयुष्यात कधी बैल पाळला होता का? यावर पुतण्याने दिलेले उत्तर मला आवडले. तो म्हणाला, बैल पाळणाऱ्याने एक रुपया दिला असता तर त्याला विचारण्याचा हक्क मिळाला असता. त्याच्यापर्यंत रुपया मागायला कोणी गेलेच नाही.

येथे मला आमच्या घरची एक गोष्ट आठवते. पंधराएक वर्षांपूर्वी संघटनेच्या खोलीचे छत गळत होते. एका व्यापाऱ्याने आपणहून टिना आणि सिमेंट दिले. पावती फाडली, वहीत लिहिले, लपवाछपवी काही नाही. पुढल्या वर्षी हमालीचे दर ठरवायला बसलो तेव्हा मी दोन-तीनदा म्हणालो, “त्यांच्याही बाजूचा विचार केला पाहिजे.” सभा शांत होती. मागे बसलेला एक म्हातारा मापाडी उठला आणि एवढेच म्हणाला, “भाऊ, टिनाचा आवाज येऊन राह्यला.” बाहेर पाऊस नव्हता. मी काय ते समजलो, पण त्या वर्षी दर कमीच पडला, आणि तो माझ्यामुळे पडला.

कामगार संघटनेची किमान वर्गणी कायद्याने १९६० मध्ये महिना पंचवीस नये पैसे ठरवली होती. २००१ च्या दुरुस्तीने ती कारखान्यासारख्या ठिकाणी वर्षाला बारा रुपये आणि असंघटितांसाठी तीन रुपये झाली. एवढ्याशा पैशाने छत होत नाही. पण त्या तीन रुपयांच्या जोरावर तो मापाडी उठला होता. जनावरांच्या कामात हीच जागा रिकामी आहे. ज्याच्या नावाने पावती फाटते तो वार्षिक सभेला येऊन टिनाचा आवाज येतो असे कधीच म्हणणार नाही. शेटजींचा लागा असो, पेटिटांचे दान असो, गाडीवानाचा दंड असो, चुटकी असो की कंपनीचे दोन टक्के, प्रत्येकाने आपापल्या मनातल्या जनावरासाठी पैसे दिले. जैनाने भाकड गाईसाठी, गोऱ्याने घोड्यासाठी, शहरातल्या बाईने रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी. रेड्यासाठी, गाढवासाठी, खाटकाकडे जाणाऱ्या कोंबडीसाठी कोणी लागा बसवल्याचे माझ्या वाचनात आले नाही. मागणाऱ्याला हे ठाऊक हवे, नाहीतर तो देणाऱ्याच्या आवडीचे जनावर दाखवून पैसे आणील आणि बाकीची तशीच राहतील.

पुतण्याने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चार पानांत लिहिले. नमुना पत्र मात्र त्याने मुंबईच्या धनिकाला लिहिले नाही, आपल्या वडिलांना लिहिले. पहिल्या ओळीत विकलेल्या जोडीतल्या दोन्ही बैलांची नावे होती, आणि शेवटी मागणी होती अकरा रुपयांची. मी म्हटले, असल्या पत्राने नोकरी मिळायची नाही. तो म्हणाला, बदलीन, आणि बदलले नाही.

मुलाखतीला बोलावणे आले आहे. परवा तो अकोल्याची गाडी धरायला ठेसनावर निघाला तेव्हा मी सोबत गेलो. भाऊ आले नाहीत, पण डबा त्यांनी बांधून दिला होता, हे मला वहिनींकडून कळले. गाडी यायच्या आधी पुतण्याने माझ्याकडे संघटनेचे एक जुने पावतीपुस्तक मागितले, स्थळप्रतींचे, फाटलेल्या पावत्यांचे. कशाला, असे मी विचारले नाही. पिशवीत होते, ते दिले. त्यातली मधली बारा-पंधरा पाने अंगठ्यांची आहेत.